स्ट्यूकली, विल्यम

(७ नोव्हेंबर १६८७ – ३ मार्च १७६५). इंग्रज वैद्य, उत्तरायुष्यात चर्च ऑफ इंग्लंडचा धर्मोपदेशक आणि प्राचीन अवशेषांचा अभ्यासक. विल्टशर परगण्यातील स्टोनहेंज व एव्हबरी येथील शिलावर्तुळांची त्याने घेतलेली मोजमापे आणि काढलेली रेखाचित्रे आजही आधारभूत मानली जातात. त्यांवरून त्याने काढलेले निष्कर्ष मात्र बहुतांशी टिकले नाहीत.

त्याचा जन्म लिंकनशर परगण्यातील होल्बीच येथे झाला. केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी महाविद्यालयात शिकून त्याने वैद्यकी पत्करली आणि लिंकनशरमधीलच बॉस्टन या गावी काही वर्षे व्यवसाय केल्यावर १७१७ मध्ये तो लंडनला आला. पुढच्याच वर्षी तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. नव्याने उभ्या राहिलेल्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज या पुरावशेष-अभ्यासकांच्या संस्थेचा तो पहिला चिटणीस. आयझॅक न्यूटनशी त्याचा स्नेह होता. झाडावरून पडणाऱ्या सफरचंदाची प्रसिद्ध हकीकत न्यूटनच्या तोंडून ऐकून लिहून ठेवणाऱ्या मोजक्या लोकांपैकी तो एक आहे.

१७१९ ते १७२४ या काळात तो वारंवार एव्हबरीला जाऊन राहिला. तेथील शेतकरी त्या वेळी शिळा फोडून घरे बांधत होते. शिळेच्या बुडाशी खड्डा खणून ती आडवी पाडायची, खाली गवत पेटवून तापवायची, तापलेल्या दगडावर एका रेषेत थंड पाणी ओतायचे आणि त्याच रेषेवर घणाचे घाव घालायचे, ही रीत त्याने चित्र काढून नोंदवली आहे. जवळच्या ओव्हरटन टेकडीवरील ‘सँक्च्युअरी’ हे वर्तुळ तर त्याच्या हयातीतच नामशेष झाले; १९३० मध्ये त्याची जागा पुन्हा सापडली ती त्याच्याच नोंदींच्या आधारे. स्टोनहेंजच्या उत्तरेस असलेला सुमारे तीन किलोमीटर लांबीचा मातीचा दुहेरी बांध त्याने १७२३ मध्ये ओळखला आणि ती रथांच्या शर्यतींची धाव असावी असे मानून त्याला ‘कर्सस’ हे नाव दिले. समजूत चुकीची ठरली, नाव टिकले. स्टोनहेंजचा अक्ष उन्हाळ्यातील सर्वांत मोठ्या दिवसाच्या सूर्योदयाकडे वळलेला आहे, हेही त्याने नमूद केले.

१७२९ मध्ये त्याने धर्मदीक्षा घेतली आणि तो स्टॅमफर्ड येथील ऑल सेंट्स चर्चचा व्हिकर (धर्मगुरू) झाला. प्राचीन ब्रिटनमधील ड्रुइड पुरोहितांचा धर्म हा ख्रिस्ती धर्माचेच पूर्वरूप होता, असे त्याचे ठाम मत बनले आणि ईश्वर मानणाऱ्या पण प्रकटीकरणावर आधारलेला धर्म नाकारणाऱ्या त्या काळच्या डीइस्ट विचारवंतांविरुद्ध ते शस्त्र म्हणून वापरता येईल असे त्याला वाटू लागले. ‘स्टोनहेंज’ (१७४०) आणि ‘एबरी’ (१७४३) हे त्याचे ग्रंथ या मताच्या छायेत लिहिलेले आहेत. एव्हबरीच्या शिळांच्या रांगा म्हणजे एका महासर्पाचे शरीर, अशी त्याची कल्पना होती. सर्पाचे डोके नीट जुळावे म्हणून ‘सँक्च्युअरी’चे वर्तुळ त्याने छापील आराखड्यात लंबगोल करून टाकले. शेतात उभे राहून काढलेल्या त्याच्या टिपणांत ते गोलच आहे. त्यामुळे त्याचे ग्रंथ वाचताना मूळ टिपणे शेजारी ठेवणे इष्ट.

या श्रद्धाळूपणाचा फटका त्याला इतरत्रही बसला. कोपनहेगनमध्ये राहणाऱ्या चार्ल्स बर्ट्रम या इंग्रज तरुणाने १७४७ पासून पत्रे लिहून रोमन ब्रिटनविषयीच्या एका मध्ययुगीन हस्तलिखिताची माहिती त्याला पुरवली. स्ट्यूकलीने ते खरे मानून १७५७ मध्ये त्याचे विवरण छापले आणि विद्वानांनी शंभरएक वर्षे त्यावर भिस्त ठेवली. एकोणिसाव्या शतकात ते बनावट असल्याचे सिद्ध होईपर्यंत त्यातील कल्पित ठिकाणे नकाशांतही शिरली होती.

१७४७ मध्येच तो लंडनच्या क्वीन स्क्वेअर भागातील सेंट जॉर्ज चर्चचा रेक्टर (प्रमुख धर्मगुरू) झाला व अखेरपर्यंत त्या पदावर राहिला. एप्रिल १७६४ मध्ये उपासकांना सूर्यग्रहण पाहता यावे म्हणून त्याने प्रार्थना तासभर पुढे ढकलल्याचे सांगतात. मृत्यूनंतर त्याच्या इच्छेनुसार ईस्ट हॅम येथील चर्चच्या आवारात त्याचे दफन करण्यात आले. थडग्यावर कोणतीही खूण ठेवलेली नाही.