टोमॅटोच्या डब्यापासून बीटी वांग्यापर्यंत

जनुकीय बदल केलेलं अन्न अमेरिकेत खपलं आणि युरोपने झिडकारलं, हे सगळ्यांना पाठ असतं. ब्रिटिशांनी मात्र आधी ते पैसे मोजून खाल्लं होतं. फेब्रुवारी 1996 मध्ये सेन्सबरी आणि सेफवेच्या दुकानांत अशा टोमॅटोच्या प्युरीचे डबे आले. टोमॅटो कसले, ते डब्यावर स्वच्छ छापलेलं होतं. डबा नेहमीपेक्षा मोठा, किंमत तेवढीच. माल उचलला गेला.

पुढच्याच महिन्यात सरकारने कबूल केलं, की गुरांच्या ‘मॅड काऊ’ रोगाचा माणसाच्या एका जीवघेण्या मेंदूविकाराशी संबंध असू शकतो. याच गोमांसाची ग्वाही द्यायला 1990 मध्ये कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यांसमोर स्वतःच्या चार वर्षांच्या मुलीपुढे बर्गर धरला होता. आता ‘काळजीचं कारण नाही’ म्हणणाऱ्या सरकारचं कोण ऐकणार? 1999 मध्ये प्युरी दुकानांतून गेली. टोमॅटोने खरं तर कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. अमेरिकेत असा धक्का बसला नव्हता. शिवाय 1992 च्या धोरणाने वेगळं लेबल सक्तीचं केलं नव्हतं, त्यामुळे ताटात काय आहे हे बहुतेकांना कळायचंच नाही.

आपल्याकडे वाद पेटला तो वांग्यावरून. मातीतल्या ‘बीटी’ या जिवाणूचं जनुक घालून शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीला तोंड देणारं बीटी वांगं जालन्याच्या ‘महिको’ या बियाणं कंपनीने तयार केलं. ऑक्टोबर 2009 मध्ये केंद्राच्या समितीने त्याला हिरवा कंदील दाखवला. पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मात्र नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि 9 फेब्रुवारी 2010 रोजी त्याला स्थगिती दिली. तेच जनुक बांगलादेशाने आपल्या स्थानिक वाणांत घेतलं, 2013 मध्ये परवानगी दिली आणि पुढच्या वर्षी 20 शेतकऱ्यांच्या हाती रोपं ठेवली. एकाच अळीने त्रासलेले दोन शेजारी, निर्णय मात्र उलटे.

बंदी झुगारणारेही निघाले. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीरला शेतकरी संघटनेच्या लोकांनी परवानगी नसलेलं, तणनाशक सोसणारं बीटी कापसाचं बियाणं जाहीरपणे पेरलं. साध्या बीटी कापसाला तर 2002 पासूनच मुभा आहे. कापूस गिरणीत जातो, म्हणून तो अन्नाच्या वादात धरला जात नाही. त्याच बोंडातल्या सरकीचं तेल फरसाणाच्या कढईत पडतं आणि पेंड म्हशीच्या घमेल्यात.