नागपूरचे खून, दर आणि भाजक : हिंसक गुन्ह्यांच्या आकड्यांची पार्श्वभूमी

नागपूरच्या गुन्हेगारीवर वर्षातून दोनदा हमखास रान उठते. एकदा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, म्हणजे एनसीआरबीचा, वार्षिक अहवाल आल्यावर आणि दुसऱ्यांदा डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरल्यावर. २०१४ नंतर गृहखाते बराच काळ नागपूरच्याच आमदाराकडे राहिल्याने या वादाला राजकीय धारही आली. एक बाजू ‘क्राइम कॅपिटल’ म्हणते, दुसरी बाजू मागच्या वर्षापेक्षा कमी झालेला आकडा पुढे करते. दोघांच्या हातातला आकडा बहुधा एकाच तक्त्यातला असतो. तो तक्ता कसा तयार झाला, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

‘क्राइम इन इंडिया’ हा अहवाल १९५३ सालापासूनचे आकडे देतो. एनसीआरबी स्वतः १९८६ची. नागपूर १९५६पर्यंत मध्य प्रांताची, नंतरच्या मध्य प्रदेशाची राजधानी, मग मुंबई राज्यात आणि १९६०पासून महाराष्ट्रात. त्यामुळे पन्नास-साठ वर्षांची सलग रेषा काढून ‘शहर बिघडत गेले’ असे दाखवणाऱ्या आलेखांकडे सावधपणे पाहावे. जुन्या काळाची हद्द वेगळी, लोकसंख्या वेगळी आणि नोंदवही ठेवणारी यंत्रणाही वेगळी.

आजची नोंद ठाण्यातून सुरू होते. फिर्याद आली, दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट तपास करता येणारा, गुन्हा असेल तर गुन्हा रजिस्टरला नंबर पडतो आणि तो सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणकीय नोंद प्रणालीत चढतो. अदखलपात्र असेल तर एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून फिर्यादीला कोर्टाचा रस्ता दाखवला जातो. ती हिंसक गुन्ह्यांच्या तक्त्यात कधीच येत नाही. संशयास्पद मृत्यू असेल तर आधी मर्ग, म्हणजे मृत्यूची प्राथमिक नोंद, दाखल होतो आणि शवविच्छेदनाचा अहवाल आल्यावर त्याचे गुन्ह्यात रूपांतर होते, किंवा होत नाही. पुढे एनसीआरबीचा मुख्य गुन्ह्याचा नियम लागतो: एका फिर्यादीत पाच कलमे असली तरी सर्वांत गंभीर तेवढे मोजायचे. अपहरण करून खून केला, तर तक्त्यात खून एक आणि अपहरण शून्य.

मोजणी गुन्ह्यांची होते, माणसांची नाही. जून २०१८मध्ये दिघोरीजवळच्या आराधनानगरात एका रात्रीत एकाच घरातल्या पाच जणांचा खून झाला. तक्त्याच्या प्रकरणांच्या रकान्यात तो एक आहे, बळींच्या रकान्यात पाच. दर काढला जातो तो प्रकरणांवरून. बातमी लिहिणारा एक रकाना आणि प्रवक्ता दुसरा रकाना वाचत असेल, तर दोघेही खरे बोलूनही वाद मिटत नाही.

आता दराकडे येऊ, कारण नागपूरचे बरेवाईट नाव तिथेच ठरते. २०१६पासून एनसीआरबी २० लाखांवर वस्ती असलेल्या १९ महानगरांची तुलना देते. त्यात नागपूर आहे. भाजक म्हणून २०११च्या जनगणनेतली नागरी समूहाची, म्हणजे शहर आणि त्याला लागून वाढलेल्या वस्तीची, लोकसंख्या वापरतात. नागपूरसाठी ती सुमारे २५ लाख. २०२१ची जनगणना झालीच नाही, म्हणून भाजक तिथेच गोठलेला आहे. समजा, वर्षात ९० खून झाले: भागिले २५, म्हणजे लाखामागे ३.६. हुडकेश्वर, बेलतरोडी, वाठोडा या बाजूला शहर केवढे वाढले ते नागपूरकरांना ठाऊक आहे. खरी वस्ती ३० लाख धरली तर तोच दर ३.० होतो. एकही खून कमी न होता.

मोठी गडबड मात्र तुलनेत आहे. मुंबईसाठी भाजक १८४ लाख घेतला जातो, आणि त्या नागरी समूहात ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदरही येतात. या शहरांना स्वतःची पोलीस आयुक्तालये आहेत. मुंबई पोलिसांची हद्द बृहन्मुंबईपुरती, म्हणजे २०११च्या गणनेनुसार सुमारे १२४ लाखांची. वरचा आकडा (खुनांचा) मुंबई पोलिसांचा आणि खालचा (लोकसंख्येचा) ठाण्यासकट असेल, तर दर आपोआप पडतो. दीडशे खुनांना १८४ने भागले तर ०.८, १२४ने भागले तर १.२. पुण्याच्या समूहातून पिंपरी-चिंचवडचे आयुक्तालय २०१८मध्ये वेगळे झाले, तेव्हा तिथलीही हद्द तपासूनच आकडा वापरावा. नागपूरला असे वेगळे आयुक्तालय नाही. शहर पोलिसांची हद्द महापालिकेबाहेर हिंगणा, वाडी, कामठीपर्यंत जाते, म्हणून इथे वरचा आणि खालचा आकडा बराचसा एकाच प्रदेशाचा असतो. याने नागपूर निर्दोष ठरत नाही. मुंबईचा दर १.२ धरला तरी त्याच २०११च्या गणनेवरचा नागपूरचा ३.६ त्याच्या तिप्पट आहे, आणि ती चिंतेचीच गोष्ट आहे. पण ३.६ला ०.८ने भागून साडेचार पट म्हणणे चूक आहे.

हद्दीची आणखी एक बाब मेडिकल आणि मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांतल्या मृत्यूंची. चंद्रपूर, गडचिरोली, शिवनी, छिंदवाड्याकडचे जखमी इथे आणले जातात आणि इथेच दगावतात. शवविच्छेदन नागपुरात होते, कागद शून्य नंबरने, म्हणजे हद्दीबाहेरची नोंद म्हणून, मूळ ठाण्याला जातात. शवागारातल्या नोंदीवरून शहरातले खून मोजणारा फसतो. उलट नागपूर स्टेशनच्या फलाटावरचा गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे जातो आणि शहराच्या बेरजेत दिसत नाही.

खून हा सर्वांत भरवशाचा आकडा, कारण मृतदेह लपवणे कठीण. खुनाचा प्रयत्न तसा नाही. चाकूचा एकच वार जुन्या कायद्यात, म्हणजे भारतीय दंड विधानात, कलम ३०७ (खुनाचा प्रयत्न) होऊ शकत होता, ३२६ किंवा ३२४ (हत्याराने केलेली गंभीर किंवा साधी दुखापत) ही होऊ शकत होता. जखम कुठे, किती खोल, इंज्युरी सर्टिफिकेटवर डॉक्टरांनी काय लिहिले आणि अधिकाऱ्याने हेतू कसा वाचला, यावर ते ठरते. जखमी आठवड्याने दगावला की कलमवाढ होऊन तेच प्रकरण खुनात जाते. २०१४पासून १०८ची रुग्णवाहिका आली. जखमी तासाभरात शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचला तर जो आकडा खुनात गेला असता तो प्रयत्नात राहतो. म्हणून खून, खुनाचा प्रयत्न आणि घातक हत्याराने केलेली दुखापत हे तीन रकाने शेजारी ठेवूनच वाचावेत. खून तेवढेच, प्रयत्न निम्मे आणि दुखापती वाढलेल्या दिसल्या, तर हिंसा घटलेली नसते. कलम लावण्याची पद्धत बदललेली असते.

‘हिंसक गुन्हे’ ही एकत्रित बेरीज तर सर्वांत फसवी, कारण त्यात अपहरण येते. मे २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरवलेल्या मुलांच्या प्रकरणात अपहरणाचा गुन्हा नोंदवण्याचे निर्देश दिले. तेव्हापासून सतरा वर्षांची मुलगी मित्राबरोबर निघून गेली आणि चार दिवसांनी परत आली, तरी नोंद अपहरणाचीच होते. नोंद व्हायलाच हवी. मुलांच्या शोधासाठी ती फार मोलाची आहे. पण तिच्यामुळे फुगलेली बेरीज घेऊन ‘नागपुरात हिंसाचार वाढला’ असा मथळा देता येत नाही. बलात्काराच्या आकड्यांचेही असेच. नोव्हेंबर २०१२मध्ये बालकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा पोक्सो कायदा लागू झाला, २०१३मध्ये बलात्काराची व्याख्या रुंदावली, संमतीचे वय १८ झाले, आणि नोव्हेंबर २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ललिता कुमारी निकालाने दखलपात्र तक्रारीवर गुन्हा नोंदवणे बंधनकारक ठरले. त्या वर्षानंतरच्या चढात तक्रार घेतली जाऊ लागल्याचा मोठा वाटा आहे.

तक्रार घेतली जात नसेल तर काय होते, ते कस्तुरबानगरने पाहिले. १३ ऑगस्ट २००४ रोजी वस्तीला छळणाऱ्या गुंडाला जमावाने जिल्हा न्यायालयाच्या आवारात ठार केले. तक्रारी करूनही दाद मिळत नव्हती, असे वस्तीतल्या बायकांचे म्हणणे होते. त्या वर्षीच्या तक्त्यात या सगळ्याचा एक खून झाला. आधीची कित्येक वर्षे त्या गल्ल्यांमध्ये जे घडत होते, त्यातले जे नोंदलेच गेले नाही ते कोणत्याच रकान्यात नाही. कमी आकडा म्हणजे शांतता, असे समजणाऱ्याने हे प्रकरण जरूर वाचावे.

महिन्याच्या तुलना मुळीच वापरू नयेत. वर्षाला ९० म्हणजे महिन्याला सरासरी साडेसात. काहीही बदललेले नसताना एखाद्या महिन्यात दोन आणि दुसऱ्यात तेरा खून होणे हा अशा छोट्या आकड्यांचा नेहमीचा चढउतार आहे. वर्षाचा आकडाही साधारण ७० ते ११० यांत डोलू शकतो, म्हणून ९०वरून ८० ही घट एकटीने काही सिद्ध करत नाही. फेब्रुवारी २०२२मध्ये शहरात एकही खून झाला नाही, असे पोलिसांनी जाहीर केले. असा महिना खरोखर विरळा आणि त्याचे समाधान रास्तच. पण कल ठरवायचा तर निदान तीन वर्षांची सरासरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरीशी ताडावी, आणि २०२० साल त्यातून बाजूला ठेवावे. त्या वर्षी देशातले एकूण गुन्हे ५१ लाखांवरून ६६ लाखांवर गेले. त्या वाढीतला मोठा भाग टाळेबंदी मोडल्याच्या कलम १८८च्या नोंदींचा होता.

१ जुलै २०२४पासून भारतीय दंड विधानाऐवजी भारतीय न्याय संहिता लागू झाल्याने २०२४च्या आकड्यांत अर्धे वर्ष एका कायद्याचे आणि अर्धे दुसऱ्याचे आहे. खून ३०२ऐवजी १०३, खुनाचा प्रयत्न ३०७ऐवजी १०९. सदोष मनुष्यवधाचे ३०४ आता १०५ झाले आणि नव्या संहितेतले ३०४ हे हिसकावून चोरी करण्याचे कलम आहे. मंगळसूत्र ओढून पळण्याचे गुन्हे पूर्वी कुठे जबरी चोरीत, कुठे साध्या चोरीत जात. आता त्यांना स्वतंत्र रकाना मिळाल्यावर जबरी चोरी कागदावर घसरलेली दिसू शकते. तेव्हा २०२३ आणि २०२५ची जबरी चोरी ताडताना कलम ३०४ची नोंद त्यात मिळवून पाहावी.