आयओ-रिमॅप की मेम-रिमॅप : एनव्हीमेम ड्रायव्हर तपासताना

एनव्हीमेमचा, म्हणजे मॅक पत्त्यासारखा कायमचा छोटा डेटा वाचून देणाऱ्या लिनक्स कर्नेलच्या चौकटीचा, छोटा ड्रायव्हर रिव्ह्यूला येतो. प्रोबमध्ये (डिव्हाइस सापडल्यावर चालणारं फंक्शन) आयओ-रिमॅप (रजिस्टरांचा भौतिक पत्ता मॅप करणारं फंक्शन), रीड कॉलबॅकमध्ये साधी मेम-कॉपी आणि स्पार्स (कर्नेलचा कोड तपासणारं साधन) गप्प बसावा म्हणून मध्ये एक फोर्स कास्ट. हा कास्ट दिसला की पुढचं न वाचता पॅच परत पाठवावा, असं माझं ठाम मत आहे. कास्टने पॉइंटरचा प्रकार बदलतो, मॅपिंग तसंच राहतं.

आयओ-रिमॅप तुम्हाला पाठ असेल. मेम-रिमॅप, म्हणजे साध्या मेमरीसाठीचं तसंच फंक्शन, २०१५ साली ४.३ कर्नेलमध्ये आलं. दोन्ही भौतिक पत्ता घेतात, दोन्ही पॉइंटर देतात, दोन्हींच्या डेव्हएम (ड्रायव्हर निघाल्यावर मॅपिंग आपोआप सोडणाऱ्या) आवृत्त्या आहेत. वरवर पाहता सोडायचं फंक्शन वेगळं, एवढंच. घोळ होतो तो त्या पत्त्यावरून वाचायचं कसं, इथे.

आर्म६४ वर आयओ-रिमॅपने मिळालेला पत्ता 'डिव्हाइस' प्रकारच्या मेमरीचा असतो आणि तिथे अनअलाइन्ड लोड (आपल्या आकाराच्या पटीत नसलेल्या पत्त्यावरून वाचन) चालत नाही. आता मॅक पत्ता (नेटवर्क कार्डचा ओळखक्रमांक) घ्या, ६ बाइट्सचा. आर्म६४ ची सर्वसाधारण मेम-कॉपी ४ ते ७ बाइट्ससाठी दोन ३२-बिट लोड करते : एक सुरुवातीपासून, दुसरा शेवटच्या चार बाइट्सचा. सेल (एनव्हीमेममधला असा नाव दिलेला तुकडा) ऑफसेट ० वर असेल तर दुसरा लोड ऑफसेट २ वर पडतो. रॅमवर हे बिनबोभाट चालतं. डिव्हाइस मेमरीवर अलाइनमेंट फॉल्ट येऊन कर्नेल ऊप्स (गंभीर चूक) होतो. संपूर्ण डंप मात्र १६ च्या पटीत असल्याने सिसफएसमधून (कर्नेलची माहिती फाइलींसारखी दाखवणारी वाट) नीट निघू शकतो आणि पॅचवर 'टेस्टेड' असा शेरा बसतो. एक्स८६ वर तर हा दोष दिसतच नाही, म्हणून 'माझ्याकडे चालतं' हा पुरावा इथे धरू नका.

आयओमेम (आयओ-रिमॅपने दिलेला) पॉइंटर असेल तर मेम-कॉपी-फ्रॉम-आयओ वापरा. तेही सरसकट नाही : आर्म६४ वर ते आधी बाइटबाइटने अलाइन होतं आणि मग ६४-बिट वाचन करतं. ई-फ्यूजच्या (चिपमधले एकदाच लिहिता येणारे बिट) शॅडो रजिस्टरांना, म्हणजे त्यांच्या वाचनप्रतीला, फक्त ३२-बिट वाचन चालत असेल तर स्वतःचा लूप लिहावा लागतो, वर्ड-साइझ (एका वाचनाचा आकार) आणि स्ट्राइड (पत्त्यांमधलं अंतर) दोन्ही ४ ठेवून. त्या लूपमध्ये रीड-एल (३२-बिट वाचनाचं नेहमीचं फंक्शन) नको. बिग-एंडियन (सर्वांत वजनदार बाइट आधी ठेवणाऱ्या) कर्नेलवर ते बाइट्स उलटवतं आणि बाइट बफरमध्ये मॅक पत्ता चार-चारच्या गटांत उलटा उतरतो. बाइट्स न उलटवणारं रॉ-रीड-एल घ्या. शेवटचे अर्धवट बाइट्सही तपासा : सिसफएसच्या वाटेवर कोअर (एनव्हीमेमचा मुख्य भाग) लांबी वर्ड-साइझच्या पटीत खाली आणतो, सेलच्या वाटेने येणाऱ्या लांबीवर तसा भरवसा ठेवू नका. 'बाइट्स भागिले ४' एवढाच लूप ६ मागितल्यावर ४ देऊन थांबतो.

मेम-रिमॅप कधी? वाचनाचे कुठलेही साइड-इफेक्ट नसलेली खरी मेमरी असेल तेव्हा. बूटलोडरने रिझर्व्ह्ड मेमरीत ठेवलेला डेटा वाचणारा आर-मेम ड्रायव्हर हेच करतो, राइट-बॅक (कॅश वापरणाऱ्या मॅपिंगच्या) फ्लॅगसह. तिथे साधी मेम-कॉपी अगदी योग्य. कर्नेलने आधीच मॅप केलेल्या रॅमवर आयओ-रिमॅप केलंत तर आर्म६४ इशारा छापून नल परत देतो.

पण मेमरी-मॅप्ड एसपीआय-नॉर फ्लॅश 'वाचायलाच तर आहे' म्हणून राइट-बॅकने मॅप करू नका. दुसऱ्या ड्रायव्हरने कंट्रोलरमार्फत सेक्टर पुसून नव्याने लिहिला, तरी तुमच्या कॅशमध्ये जुने बाइट्स राहू शकतात. तिथे आयओ-रिमॅपच हवं.

मेक (कर्नेल बिल्ड) चालवताना सी=१ द्या; फोर्स कास्टने दडवला नसेल तर आयओमेमचा घोळ स्पार्स स्वतःच दाखवतो.

शेवटी, रीड कॉलबॅकने यशस्वी झाल्यावर ० च परत द्यावा. वाचलेल्या बाइट्सची संख्या दिली की कोअर तिला एरर समजतो, बफर मोकळा करतो आणि ६ हा आकडा एरर-पॉइंटरमध्ये घालून देतो. इझ-एरर (एरर-पॉइंटर ओळखणारी तपासणी) त्याला एरर मानत नाही, कारण तो ऋण नाही. मग सेल वाचणारा इथरनेट ड्रायव्हर पत्ता ६ वर जाऊन कोसळतो आणि दोष त्याच्या माथी मारला जातो.