मुलांना घेऊन दुबई: बुकिंग करण्याआधी हे वाचा

दुबईची चौकशी करायला येणारं जवळपास प्रत्येक कुटुंब आधी बुर्ज खलिफाचं विचारतं. आमच्या सहलीच्या कार्यक्रमात बुर्ज शेवटाकडे आहे आणि पहिली सकाळ जुन्या शहरातल्या खाडीवर. 'पहिल्याच दिवशी बुर्ज करून टाका ना' असं बरेच जण म्हणतात. तसं न करण्याचं कारण आहे.

828 मीटरची इमारत आधी पाहिली की पुढचं सगळं मुलांना किरकोळ वाटायला लागतं. खाडीकाठच्या बर दुबई या जुन्या भागाच्या धक्क्यापासून सुरुवात केली तर हे शहर वाढलं कसं, ते त्यांचं त्यांनाच दिसत जातं. अल फहिदी या जुन्या वस्तीत गल्ल्या अरुंद, भिंती प्रवाळाच्या दगडाच्या आणि घरांवर चौकोनी मनोरे आहेत. मनोरा चारही बाजूंनी उघडा असतो, त्यामुळे वारा कुठूनही आला तरी त्यात सापडतो आणि खालच्या खोलीत उतरतो. एखादं घर आतून पाहायला मिळालं तर मुलांना बरोबर मनोऱ्याखाली उभं करा. एसी नव्हते तेव्हा लोक कसे राहायचे, हे तिथे चेहऱ्यावर कळतं.

मग अब्रा. ही होडी 1 दिरहममध्ये (दिरहम हे तिथलं चलन) खाडीपलीकडच्या देरा भागात नेते. मधल्या बाकावर सगळे बाहेर तोंड करून बसतात आणि कडेला कठडा नसतो, म्हणून लहानग्याला मांडीवर घट्ट धरा. पलीकडे मसाल्यांचा बाजार मुलांना आवडतो. सोन्याच्या बाजारात ती हमखास कंटाळतात. आई दुकानात असेल तोवर बाबांनी त्यांना धक्क्यावरची गलबतं दाखवावीत, भांडण टळतं.

थोडी माहिती मुलांसाठी. 1960 च्या सुमारास दुबईचे तेव्हाचे शासक शेख रशीद यांनी या खाडीतला गाळ काढून घेतला, मोठी गलबतं आत यायला लागली आणि व्यापार वाढला. तेल सापडलं त्यानंतर, 1966 मध्ये. त्याच वर्षापर्यंत तिथे रुपया चालत होता, शेवटची काही वर्षं तर आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा काढलेला. 1971 मध्ये अमिरातींचा संघ झाला. आज शहराची वस्ती 35 लाखांच्या पुढे आहे. ही वाढ एका नजरेत पाहायची तर दुबई फ्रेम या चौकटीच्या आकाराच्या इमारतीवर जा. 150 मीटर उंचीवरून एका बाजूला जुनं देरा, दुसऱ्या बाजूला शेख झायेद रस्त्यावरचे टॉवर आणि पायाखाली काच. तिकीट बुर्जपेक्षा स्वस्त. बजेट ताणलेलं असेल तर दोन्हीपैकी फ्रेम घ्या, असं आम्ही सरळ सांगतो. बुर्ज करायचाच असेल तर सूर्यास्ताच्या वेळेचं तिकीट महाग असतं आणि लवकर संपतं, हे लक्षात ठेवा. दुबई मॉलमधल्या मत्स्यालयाची भलीमोठी काच मॉलमध्ये उभं राहून फुकट दिसते. चार-पाच वर्षांच्या मुलाला तेवढं पुरतं.

मेट्रोला चालक नाही. पुढच्या काचेतून रूळ अंगावर येताना दिसतात आणि मुलं तिथून हलत नाहीत. मात्र पुढचा डबा कधी गोल्ड क्लासचा असतो, त्याचं भाडं वेगळं. महिला आणि मुलांच्या डब्यात बाबांनी चढू नये, आणि डब्यात बिस्किटाचा पुडाही उघडू नये. खाण्यापिण्याला 100 दिरहम दंड आहे. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. दुबई मॉल स्टेशनपासून मॉलपर्यंतचा बंद पूल पाऊण किलोमीटरहून लांब आहे, म्हणून बाबागाडी घरी ठेवू नका.

डेझर्ट सफारीबद्दल आमचं मत थोडं कडक आहे. वाळूच्या टेकड्यांवरून गाडी उडवण्याचा जो भाग असतो, तो अगदी लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना नको. मोठ्या मुलांनाही दुपारी भरपेट जेवल्यावर उलट्या होतात. ज्यांना हे झेपणार नाही त्यांच्यासाठी थेट वाळवंटातल्या कॅम्पवर जाणारी गाडी मागा, आम्ही ती ठरवून देतो. वाळूत शिरण्याआधी चालक थांबून टायरमधली हवा कमी करतो. टायर पसरतो, म्हणून रुतत नाही. तेवढं मात्र मुलांना खाली उतरवून दाखवायला सांगा. वाळवंटापेक्षा स्वस्त हवं असेल तर रास अल खोर या पाणथळ अभयारण्यात हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात आणि पाहायला पैसे लागत नाहीत. ठाण्याच्या खाडीत ते पाहिलेल्या मुलांना इथे मागे बुर्जची रेघ दिसते, एवढाच फरक.

कधी जावं? दिवाळीची आणि नाताळची सुट्टी उत्तम. मे महिन्यात विमान-हॉटेल स्वस्त मिळतं, पण पारा चाळिशीला टेकलेला असतो. ग्लोबल व्हिलेज ही जत्रा आणि मिरॅकल गार्डन ही फुलांची बाग उन्हाळ्यात बंद असतात, त्यामुळे मेच्या तारखा पक्क्या करण्याआधी आम्हाला विचारा. मेमध्येच जमत असेल तर सकाळी दहापर्यंत बाहेर, दुपारी हॉटेलचा तलाव, आणि अंधार पडल्यावर पुन्हा बाहेर.

बॅगेबद्दल एक गोष्ट ठळक अक्षरांत वाचा: खसखस नेऊ नका. तिथे ती बंदी असलेल्या वस्तूंत मोडते, आणि दिवाळीच्या फराळातले अनारसे, डिंकाचे लाडू यांत ती असतेच. चकली, शंकरपाळे खुशाल न्या. विड्याची पानंही नकोत. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध तिथे नियंत्रित आहे. मुलांचं कुठलंही औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मूळ वेष्टनातच ठेवा.

कागदपत्रांत तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट आणि व्हिसा लागतो. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. त्यावर एकच नाव छापलेलं असेल, आडनावाचा रकाना कोरा असेल, तर व्हिसा अडतो. लहान मुलांच्या पासपोर्टवर हे बरेचदा निघतं, म्हणून पैसे भरण्याआधी प्रत आम्हाला दाखवा.

हॉटेलमध्ये चेक-इनला दर खोलीमागे, दर रात्रीचा 'टुरिझम दिरहम' हा कर वेगळा भरावा लागतो. तो आमच्या पॅकेजमध्ये धरलेला नाही. चार वर्षांखालच्या मुलाला गाडीत चाइल्ड सीट कायद्याने सक्तीची आहे आणि दहा वर्षांखालचं मूल पुढच्या सीटवर चालत नाही. सीट आयत्या वेळी मिळत नाही. बुकिंगच्या फॉर्मवर मुलांचं वय आणि उंची न विसरता लिहा.