गॉथ नेत्रभूषा : काजळ, चमकी आणि साचेबद्ध प्रतिमा

गॉथ नेत्रभूषा : ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस उदयास आलेल्या गॉथ या उपसंस्कृतीत रूढ असलेली डोळ्यांची गडद, बहुधा काळी रंगभूषा. लग्न, वाढदिवस, शाळा-महाविद्यालयांतील स्नेहसंमेलन अशा प्रसंगी केली जाणारी चमकीदार नेत्रभूषा हा निराळा प्रकार आहे व त्याचे मूळही निराळे आहे. तथापि चित्रवाहिन्या, मोबाइलवरील छोट्या चित्रफिती आणि सौंदर्यप्रसाधनांचा बाजार यांनी दोहोंची इतकी सरमिसळ केली आहे की, विदर्भातील तालुक्याच्या गावच्या ब्युटी पार्लरमध्येही ‘गॉथ लूक’ म्हटले की काळी आयशॅडो आणि तिच्यावर चंदेरी चमकी एवढाच अर्थ घेतला जातो.

गॉथ हे मूळचे एका जर्मानिक टोळीसमूहाचे नाव. या समूहापैकी व्हिसिगॉथांनी इ. स. ४१० मध्ये रोम लुटले, आणि त्यानंतर शेकडो वर्षे या शब्दाला ‘रानटी’ असा वास येत राहिला. सोळाव्या शतकात इटलीतील चित्रकार व चरित्रलेखक जॉर्जो वाझारी यांनी मध्ययुगीन वास्तुशैलीला कमी लेखण्यासाठी तिचा संबंध गॉथांशी जोडला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या टोकदार कमानी पाहून आज जिला आपण कौतुकाने गॉथिक म्हणतो, तिचे हे नाव म्हणजे नाव देणे कमी आणि नावे ठेवणे अधिक होते. अठराव्या शतकात पडके वाडे, तळघरे, शाप आणि भुते यांनी भरलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांना हेच विशेषण लागले व काळोखाचा अर्थ त्याला तिथून चिकटला. संगीतावर प्रेम करणाऱ्या एका तरुण गटाच्या वाट्याला हा शब्द आला तो असा आधीच्या पिढ्यांचे शेरे अंगावर वागवीत.

पंक संगीताचा पहिला जोर ओसरल्यावर अधिक संथ, उदास व नाट्यमय वळणाचे संगीत करणारी मंडळी ब्रिटनमध्ये पुढे आली. लंडनमध्ये १९७६ साली सुरू झालेला सूझी अँड द बॅन्शीज हा संच, १९७९ मध्ये पहिली ध्वनिमुद्रिका काढणारा बाउहाउस, १९८० साली लीड्स येथे स्थापन झालेला द सिस्टर्स ऑफ मर्सी आणि लंडनच्या सोहो भागात १९८२ मध्ये उघडलेला बॅटकेव्ह हा क्लब ही या प्रवाहाची आरंभीची ठळक नावे होत. जर्मनीतील लाइपझिग येथे १९९२ पासून आणि इंग्लंडमधील व्हिटबी येथे १९९४ पासून गॉथांचे मेळावे भरत आले आहेत. तेथे येणाऱ्यांत पन्नाशी-साठी ओलांडलेले, नोकरी-संसार करणारे लोक असतात, ही गोष्ट बातम्यांच्या छायाचित्रांत क्वचितच दिसते.

या मंडळींच्या डोळ्यांची घडण मुख्यतः बॅन्शीज संचाच्या गायिका सूझी सू यांच्याकडून आली. पापणीची रेघ डोळ्याच्या कोपऱ्यावर न थांबता कानशिलाकडे ओढत नेणे, भुवया कोनदार करणे आणि चेहरा फिका ठेवून सर्व भार डोळ्यांवर टाकणे हे तिचे विशेष. हीच तऱ्हा मूकपटांच्या काळातील थीडा बारा यांच्यासारख्या नट्यांच्या डोळ्यांत आढळते. त्या काळच्या कृष्णधवल फिल्मला लाल रंग नीट टिपता येत नसे व चेहऱ्यावरील छटा बदलून जात, त्यामुळे डोळे उठून दिसावेत म्हणून ते गडद करणे ही नटांची गरजच होती. थोडक्यात, आज जी ‘मरणकळा’ म्हणून ओळखली जाते तिच्या मुळाशी छायाचित्रणातील एक तांत्रिक अडचणही आहे. द क्युअर या संचाचे गायक रॉबर्ट स्मिथ यांनी याउलट काजळ फासटलेले, विस्कटलेले ठेवले. दोन्ही तऱ्हांत काळा रंग बहुधा चकाकीहीन असतो, कारण प्रकाश परतवण्यापेक्षा तो शोषून घेणे हाच त्याचा उद्देश.

चमकी आली ती ग्लॅम रॉक या झगमगीत वेशभूषेच्या रॉक संगीताकडून. त्यातील गायक मार्क बोलन यांनी १९७१ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवर डोळ्यांखाली चमकी लावून गाणे सादर केले आणि ती लाट पसरली. पहिल्या पिढीतील गॉथांनी आपल्या बालपणी व पौगंडावस्थेत हे ग्लॅम पाहिलेले होते, आणि पुढे निघालेल्या सायबरगॉथसारख्या शाखेने तर भडक निऑन रंगही जवळ केले. म्हणून गॉथ मंडळी चमकी वापरतच नाहीत असे ठणकावून सांगणे हाही एक साचाच ठरेल.

प्रसारमाध्यमांनी या उपसंस्कृतीसाठी दोन साचे घडवले, एक भीतीचा आणि दुसरा विक्रीचा. भीतीच्या साच्याचे ठळक उदाहरण म्हणजे २० एप्रिल १९९९ रोजी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील कोलंबाइन शाळेत झालेला गोळीबार. त्यात १२ विद्यार्थी व १ शिक्षक यांचा बळी गेला. हल्लेखोर गॉथ होते असे वृत्तवाहिन्यांनी काही तासांतच सांगण्यास सुरुवात केली, लांब काळे कोट आणि काळे डोळे यांची चित्रे पुनःपुन्हा दाखवली, आणि संगीतालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. हल्लेखोरांचा गॉथ उपसंस्कृतीशी संबंध नव्हता हे पुढे स्पष्ट झाले, परंतु खुलाशाला मथळ्याइतकी जागा कधीच मिळत नाही. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी १९७२ मध्ये ‘नैतिक घबराट’ या संकल्पनेद्वारे हीच प्रक्रिया मांडली होती : एखादा गट समाजाला धोका म्हणून रंगवला जातो, माध्यमे त्याची ठोकळ ओळखचिन्हे ठरवतात, आणि मग ती चिन्हे अंगावर असलेला कोणीही संशयित ठरतो. या घबराटीला कधीकधी हास्यास्पद टोकही येते. मिसूरी राज्यातील ब्लू स्प्रिंग्ज या शहराला २००२ मध्ये ‘गॉथ संस्कृती’चा मुकाबला करण्यासाठी २,७३,००० डॉलरचे सरकारी अनुदान मिळाले. मुकाबला करण्याजोगे फारसे काही न सापडल्याने त्यातील जवळजवळ निम्मी रक्कम परत करावी लागली.

दुसरे उदाहरण मात्र हसण्याजोगे नाही. ऑगस्ट २००७ मध्ये इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील बेकप येथे सोफी लँकेस्टर ही २० वर्षांची तरुणी व तिचा मित्र यांना किशोरवयीन मुलांच्या टोळक्याने उद्यानात गाठून अमानुष मारहाण केली, आणि काही दिवसांनी सोफीचा मृत्यू झाला. दोघांचा दोष इतकाच की त्यांचे दिसणे वेगळे होते. या घटनेनंतर सुरू झालेल्या चळवळीमुळे ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी २०१३ पासून गॉथ व तत्सम उपसंस्कृतींतील व्यक्तींवरील हल्ल्यांची नोंद द्वेषमूलक गुन्हे म्हणून करण्यास प्रारंभ केला.

उपसंस्कृती म्हणून गॉथ मंडळ्या ग्रामीण विदर्भात रुजलेल्या नाहीत. येथे संगीत पोहोचण्याआधी पोहोचली ती प्रतिमा, आणि ती पडली काळ्या रंगाविषयीच्या एका जुन्या, दुपदरी समजुतीवर. घरचे काजळ धरण्याची रीत अनेक गावांतील म्हाताऱ्या बायांच्या अजून हातात आहे. एरंडेल तेलाचा दिवा लावून त्यावर पितळेची ताटली उपडी धरायची, तिच्या पोटाला जमलेली मऊ काजळी बोटाने खरवडायची आणि थेंबभर तुपात खलून डबीत भरायची. हे काजळ सौंदर्यासाठी कमी आणि दृष्ट लागू नये म्हणून अधिक असते (तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत ते घालू नये असे डॉक्टर सांगतात, हेही येथे नोंदवले पाहिजे). बाळाच्या गालावर लावलेली तीट हे गालबोट. तेच गालबोट वर्तमानपत्राच्या मथळ्यात आले की ‘मिरवणुकीला गालबोट’ असे होऊन डाग ठरते. एकच काळा ठिपका राखणाराही आणि कलंकही असतो, आणि मराठी वाचकाला यात काही विसंगत वाटत नाही.

पोळ्याच्या सणात हे दोन्ही पदर शेजारी शेजारी दिसतात. श्रावण अमावास्येला बैलांची शिंगे रंगवून त्यांवर बेगड चिकटवतात, अंगावर झूल टाकतात. उन्हात लखलखणारी ही बेगड म्हणजे खेड्याला चमकीची खरी ओळख म्हणावी लागेल. दुसऱ्या दिवशी पहाटे ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ अशा आरोळ्या देत गावाबाहेर मारबत म्हणजे अनिष्टाचा पुतळा नेला जातो, आणि नागपुरात निघणाऱ्या काळ्या मारबतीच्या रूपात तर अनिष्टाला थेट काळा रंगच मिळालेला आहे. चमक उत्सवाची आणि काळे अनिष्टाचे, ही विभागणी अशी येथे आधीपासून तयार आहे. तिच्यात गॉथ डोळा बसवायला चित्रवाहिनीला फारसे श्रम पडत नाहीत.

झाडीपट्टी रंगभूमीवर हीच विभागणी रोजच्या कामाची आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत धानाची कापणी आटोपल्यावर, दिवाळीनंतरच्या मंडई (जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांच्या निमित्ताने रात्रभर नाटके चालतात, आणि देसाईगंज (वडसा) हे त्या नाटकांच्या प्रयोगांचे बुकिंग करण्याचे मुख्य केंद्र आहे. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री देण्यात आली. प्रयोगात नृत्यांगनेच्या पापणीवर चमकी असते, कारण शेवटच्या ओळीतल्या प्रेक्षकालाही तिची नजर कळली पाहिजे. खलपुरुषाच्या डोळ्यांभोवती काळी कड भरली जाते, तीही त्याच कारणासाठी. मात्र येथे साचा ही नाटकाची उघड खूण असते. पहाटे तोंड धुऊन चहाच्या टपरीवर आलेल्या नटाला कोणी खलनायक समजत नाही. पडद्यावरील प्रतिमेला हे तोंड धुणे नसते, आणि माध्यमांच्या साच्यात व रंगमंचाच्या साच्यात नेमका येथे फरक पडतो.

हा फरक विदर्भात दुर्लक्षिण्याजोगा नाही. मराठी व हिंदी वाहिन्यांवर गडद डोळ्यांची स्त्री बहुधा कारस्थानी असते किंवा ‘काळी जादू’ करणारी असते. गडचिरोली, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांत जादूटोण्याच्या निव्वळ संशयावरून माणसांना, विशेषतः वृद्ध व एकट्या स्त्रियांना, मारहाण झाल्याच्या घटना घडल्या आहेत, आणि महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. अशा प्रदेशात एखाद्या मुलीच्या काजळाला ‘अघोरी’ म्हणणारा विनोदी कार्यक्रमही पूर्णपणे विनोदी राहत नाही. नागपूर-पुण्याला शिकायला गेलेली मुलगी सुटीत घरी येताना बसमध्येच आयलायनर पुसते, यामागे आईचा धाक असतो तसा या शब्दांचाही असतो.

विक्रीचा साचा भीतीच्या साच्यानंतर येतो आणि त्याची धार काढून घेतो. मृत्यू, उदासी, संगीत हे सगळे वगळून उरलेल्या काळ्या रंगावर चमकी टाकली की तोच डोळा पार्टीला चालतो. ही चमकी म्हणजे बहुधा पॉलिएस्टरचा अतिशय पातळ पापुद्रा असतो. त्यावर ॲल्युमिनियमचा थर व रंगाचा लेप देऊन त्याचे षट्कोनी तुकडे कापले जातात, कारण षट्कोन एकमेकांना चिकटून बसतात व कापताना माल वाया जात नाही. यंत्राने चमकी कापण्याच्या धंद्याचे श्रेय सामान्यतः अमेरिकेतील न्यू जर्सीचे हेन्री रुशमन यांना दिले जाते, आणि त्याचा काळ १९३४ च्या सुमाराचा मानतात. याहून सौम्य, मोत्यासारखी झळाळी अभ्रकाच्या पुडीवर टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप देऊन मिळवतात. भारतातील अभ्रकाचा मोठा भाग झारखंडच्या कोडरमा-गिरिडीह पट्ट्यातून येतो, आणि तेथे अभ्रक वेचण्याच्या कामी लहान मुले राबवली जातात ही या झळाळीची दुसरी बाजू आहे. पर्यावरणाच्या कारणावरून युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर निर्बंध घातले असले, तरी चेहऱ्याच्या मेकअपमधील चमकीला २०३५ पर्यंत मुदत दिलेली आहे.

विदर्भातील लग्नसराई एप्रिल-मे महिन्यांत भरात असते, आणि चंद्रपूरकडे त्या दिवसांत पारा ४५ अंशांच्या वर जातो. पेट्रोलियम जेलीवर चिकटवलेली चमकी या उन्हात वितळत्या थराबरोबर गालावर उतरते, म्हणून अनुभवी पार्लरवाल्या ताई पापणी आधी कोरडी करून घेतात, चमकीसाठी बनवलेल्या चिकट जेलचा अगदी पातळ हात देतात आणि चमकी ब्रशने न फिरवता ओलसर बोटाच्या टोकाने दाबून बसवतात. डोळ्याखाली सांडलेले कण फुंकरीने उडवण्याऐवजी सेलोटेपचा तुकडा हलकेच टेकवून उचलतात, कारण फुंकर मारली की कण थेट बुबुळावर जातो. स्टेशनरीच्या दुकानातील, गणपतीच्या मखरासाठी घेतलेली चमकी डोळ्यांसाठी कधीच वापरू नये. तिचे कण मोठे व धारदार असतात आणि त्यांनी बुबुळाच्या पारदर्शक पडद्यावर ओरखडा उठू शकतो. पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर कोणतीच चमकी लावत नाहीत, तेथे फक्त काजळ चालते. रात्री उतरवताना खोबरेल तेलात भिजवलेला कापूस मिटलेल्या पापणीवर थोडा वेळ धरून मग एकाच दिशेने पुसतात. डोळे चोळत नाहीत, आणि एकदा वापरलेला कापूस दुसऱ्या डोळ्याला लावत नाहीत.