थ्रॉटल कुठल्या हातात?

"मावशी, दुकानदार विचारतोय, मोड वन देऊ की मोड टू? काय सांगू?"

नाशिकहून भाच्याचा फोन होता. अकरावीत आहे. वर्षभर थर्माकोलची ग्लायडर फेकून झाली, आता साठवलेल्या पैशांतून पहिला रेडिओ, म्हणजे मॉडेल विमान उडवायचा रिमोट, घ्यायचा होता. मी म्हटलं, आज काहीच घेऊ नकोस, रात्री निवांत बोलू. तो हिरमुसला. पण चॅनेल, म्हणजे वेगवेगळ्या हालचालींच्या वाटा, किती, बॅटरी कुठली, विमानातला रिसिव्हर कोणता या प्रश्नांची उत्तरं पुढे बदलता येतात. या एका प्रश्नाचं उत्तर मात्र हातात मुरतं, आणि मुरलेलं काढणं फार जड जातं.

रेडिओवर विमान उडवणाऱ्याच्या ट्रान्समीटरला दोन स्टिक असतात. प्रत्येक स्टिक उभीही हलते आणि आडवीही, म्हणजे चार हालचाली झाल्या. विमानालाही मुख्यतः चारच गोष्टी सांगायच्या असतात. थ्रॉटल म्हणजे मोटरचा जोर. एलेव्हेटर ही शेपटीची आडवी फळी, ती नाक वर-खाली करते. एलेरॉन या पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या, त्या विमानाला कुशीवर कलवतात. आणि रडर ही शेपटीची उभी फळी, ती नाक डावी-उजवीकडे फिरवते. यातलं काय कुठल्या स्टिकला द्यायचं, त्या वाटणीला मोड म्हणतात.

मोड २ मध्ये डाव्या स्टिकवर थ्रॉटल आणि रडर, उजव्या स्टिकवर एलेव्हेटर आणि एलेरॉन. मोड १ मध्ये डावीकडे एलेव्हेटर आणि रडर, उजवीकडे थ्रॉटल आणि एलेरॉन. मोड ३ म्हणजे आरशात पाहिलेला मोड २, आणि मोड ४ म्हणजे आरशातला मोड १. हे शेवटचे दोन क्वचितच दिसतात. म्हणजे मुख्य दोन मोडमध्ये फरक एवढाच, की थ्रॉटल आणि एलेव्हेटर यांनी हात बदललेत. एलेरॉन दोन्हींत उजवीकडे, रडर दोन्हींत डावीकडे.

हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. मागच्या हिवाळ्यात पुण्याबाहेरच्या आमच्या माळावर त्याची किंमत मला कळली.

ऑस्ट्रेलियात बरीच वर्षं काढून परतलेले एक काका त्या दिवशी आपलं फोमचं विमान घेऊन आले होते. तिकडे मोड १ फार रुळलेला आहे, त्यामुळे त्यांचा रेडिओही मोड १ चा. मी अकरा वर्षं मोड २ वर उडवते. त्यांनी विमान चांगलं उंच नेलं आणि मायेने रेडिओ माझ्या हातात दिला, "घे गं, एक चक्कर मार." मोड वेगळा आहे हे त्यांनी सांगितलं होतं, मला ते समजलंही होतं. पहिलं अर्धं मिनिट छान गेलं. डावं वळण, उजवं वळण, सगळं सुरळीत, कारण एलेरॉन दोन्ही मोडमध्ये उजव्याच अंगठ्याशी.

मग एक वळण जरा जास्त कललं. विमान कललं की त्याला उचलून धरणारं बलही कलतं, वजन पेलायला त्यातला कमी भाग उरतो आणि नाक खाली झुकायला लागतं. उपाय सोपा असतो: एलेव्हेटर किंचित ओढायचा. माझ्या उजव्या अंगठ्याने तेच केलं, स्टिक स्वतःकडे ओढली. पण त्या रेडिओवर तिथे थ्रॉटल होता. मोटर बंद पडली. आवाज थांबलेला ऐकून डाव्या अंगठ्याने सवयीने "थ्रॉटल" पुढे ढकलला. तिथे एलेव्हेटर होता, आणि तो पुढे ढकलणं म्हणजे नाक आणखी खाली. दोन्ही हातांनी अगदी मनापासून विमान वाचवायचा प्रयत्न केला आणि दोन्ही हातांनी मिळून ते बाभळीत घातलं. नाक चेपलं, डावा पंख मुळापासून निघाला. काका काही बोलले नाहीत. मला मात्र आठवडाभर झोप लागली नाही.

ज्यांनी जुनी बुलेट चालवली आहे त्यांना हे लगेच कळेल. तिचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असायचा. इतर गाड्यांवर तयार झालेला माणूस बुलेटवर बसला की मोकळ्या रस्त्यावर नीट चालवायचा, पण अचानक म्हैस आडवी आली की उजवा पाय ब्रेक समजून गिअरवर पडायचा. माहिती डोक्यात शाबूत असायची. फक्त त्या क्षणी पायाने डोक्याला विचारलेलं नसायचं.

असं का होतं, याचा एक मोठा धागा मेंदूविज्ञानातल्या एका प्रसिद्ध रुग्णाने दिला. हेन्री मोलेसन. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ मध्ये त्यांच्या मेंदूतला काही भाग शस्त्रक्रियेने काढला, आणि त्यानंतर नव्या घटना त्यांच्या लक्षात राहीनाशा झाल्या. ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेने त्यांना एक काम दिलं: आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायची. आरशामुळे हात उलटाच चालतो. तीन दिवस सराव झाला. दर वेळी मोलेसन यांना वाटायचं की हे आपण पहिल्यांदाच करतो आहोत. हात मात्र रोज सुधारत गेला. म्हणजे "मला माहीत आहे" ही आठवण वेगळी आणि "हाताला येतं" ही वेगळी. दुसऱ्या प्रकारच्या शिकण्यात लहान मेंदू आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या गाठींसारख्या केंद्रांचा मोठा वाटा असतो. मोड समजावून सांगितला की पहिली आठवण तयार होते. विमान पडू लागतं तेव्हा कामाला येते ती दुसरी.

आणि विचार करायला वेळ तरी किती असतो? शिकाऊ फोमचं विमान सेकंदाला १२ मीटर जात असेल, तर "थांब, इथे एलेव्हेटर डावीकडे आहे" एवढं मनात म्हणेपर्यंत एक सेकंद जातो आणि १२ मीटर हवा संपते. आम्ही उडवतो त्या उंचीवर तेवढी हवा पुष्कळदा नसतेच.

मजा म्हणजे विमानाला या सगळ्याचा पत्ताच नसतो. स्टिकखालचे सेन्सर स्टिक किती हलली ते मोजतात, रेडिओतला प्रोसेसर त्या आकड्यांना चॅनेल क्रमांक देतो आणि रिसिव्हर एकेका सर्व्होला, म्हणजे फळी हलवणाऱ्या छोट्या मोटरला, विजेचे ठोके पाठवतो. ठोका १.५ मिलिसेकंदांचा असला की सर्व्हो मध्यावर, १ कडे गेला की एका टोकाला, २ कडे गेला की दुसऱ्या टोकाला. साध्या सर्व्होला असे ठोके सेकंदाला सुमारे ५० मिळतात. एलेव्हेटरचा आकडा कुठल्या अंगठ्याकडून आला हे त्या ठोक्यात कुठेच लिहिलेलं नसतं. मोड फक्त रेडिओत असतो आणि आपल्या हातात असतो.

म्हणूनच आजच्या बहुतेक रेडिओंवर मेनूत जाऊन मोड बदलणं दोन मिनिटांचं काम वाटतं. इथे एक धोका आहे, तो नीट सांगते. एलेव्हेटरच्या स्टिकला स्प्रिंग असते, सोडली की ती मध्ये येते. थ्रॉटलच्या स्टिकला उभ्या दिशेने स्प्रिंग नसते, ठेवली तिथे राहते. मेनूत मोड बदलला आणि आतली स्प्रिंग तशीच राहिली, तर थ्रॉटल स्प्रिंगवाल्या स्टिकवर येतो आणि सोडला की मध्यावर, म्हणजे अर्ध्या जोरावर जाऊन बसतो. विजेच्या मोटरवर पंखा लावलेला असेल तर ही बोटं तुटण्याची गोष्ट आहे. मोड बदलताना पंखा काढून ठेवायचा, स्प्रिंग दुसऱ्या बाजूला लावायची, मग मेनूला हात लावायचा. ज्या ड्रोनच्या रिमोटला दोन्ही स्टिक आपोआप मध्ये येतात, तिथे हा प्रश्न येत नाही.

हे दोन मोड आले कुठून? अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी १९३७ च्या सुमारास रेडिओवर चालणारं मॉडेल उडवलं. त्यांचं 'गफ' नावाचं विमान आज स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. त्या पिढीच्या पुष्कळ रेडिओंना स्टिक नव्हती, एक बटण असायचं. विमानात पिळलेल्या रबराच्या जोरावर फिरणारी कळ असायची: एकदा दाबलं की रडर उजवीकडे, सोडलं की मध्ये, पुन्हा दाबलं की डावीकडे. मागच्या वेळी कुठे वळलो होतो हे उडवणाऱ्याने लक्षात ठेवायचं. पुढे वेगवेगळ्या सुरांना थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचे रीड संच आले. त्यांत प्रत्येक हालचालीला कळ होती, पण फळी एक तर मध्ये किंवा थेट टोकाला. थोडंसंच वळायचं तर कळ टपटप दाबत राहायची. दोन मुख्य हालचाली एकाच वेळी अशा टपटपवायच्या तर दोन हातांत वाटलेल्याच बऱ्या, आणि मोड १ ची वाटणी नेमकी तशी आहे. १९६० च्या दशकात स्टिक हलवाल तेवढीच फळी हलवणारे रेडिओ रुळले. मग एकाच स्टिकवर एलेव्हेटर आणि एलेरॉन देणं, म्हणजे खऱ्या विमानाच्या दांड्यासारखं करणं, सहज जमू लागलं.

खऱ्या विमानासारखा म्हणून मोड २ नैसर्गिक, असं नेहमी सांगितलं जातं. लढाऊ विमानात दांडा उजव्या हातात आणि थ्रॉटल डाव्या हातात असतो, हे खरं. पण एअरबस ए३२० मध्ये डावीकडे बसलेल्या कॅप्टनचा दांडा डाव्या हाताशी आणि थ्रॉटल उजव्या हाताशी असतो. तो झाला मोड ३ च्या जवळचा. शेजारच्या सहवैमानिकाचं बरोबर उलट. एकाच कॉकपिटमध्ये दोन वाटण्या सुखाने नांदतात, तेव्हा "नैसर्गिक" हा शब्द मी तरी वापरत नाही.

दोघांच्या गुणांत फरक मात्र आहे. मोड २ मध्ये वळण घेणं आणि नाक सांभाळणं एकाच अंगठ्याकडे असतं, त्यामुळे गोल, सलग वळण शिकायला सोपं जातं. पण एलेरॉन जोरात दिला की नकळत एलेव्हेटरही थोडा हलतो. मोड १ मध्ये ही दोन कामं दोन हातांत असल्यामुळे अशी भेसळ कमी होते. अचूक कसरती करणाऱ्या कित्येकांना मोड १ प्रिय आहे तो यासाठी. जपानमध्येही मोड १ ची परंपरा मोठी आहे.

हाताने फेकायच्या विमानात तर मोड १ ची बाजू मला मोकळेपणाने मान्य आहे. उजव्या हाताने विमान फेकताना रेडिओ डाव्या हातात असतो. मोड २ वाल्याच्या डाव्या अंगठ्याशी तेव्हा थ्रॉटल आणि रडर असतात. नाक सावरायला उजवा हात फेकून परत स्टिकवर यावा लागतो आणि तेवढ्या वेळात विमान बिनमालकाचं जातं. मोड १ वाल्याचा डावा अंगठा त्या वेळी एलेव्हेटरवरच असतो.

भाच्याने रात्री आणखी एक विचारलं: त्याचा मित्र डावखुरा आहे, त्याने मोड ३ किंवा ४ घ्यावा का? माझ्या मते नाही. दोन्ही अंगठ्यांना बारीक काम करावंच लागतं आणि दोघेही सारख्या सरावाने तयार होतात. वेगळा मोड घेतला तर माळावर कुणाचाही रेडिओ त्याला चालणार नाही, आणि त्याचं विमान अडचणीत आलं तर दुसऱ्या कुणालाही वाचवता येणार नाही.

भाच्याचं पहिलं विमान तीन चॅनेलचं असणार आहे, एलेरॉन नसलेलं. ते रडरवर वळतं. त्याला सांगितलं, रडरचा सर्व्हो रिसिव्हरमध्ये एलेरॉनच्या जागी लाव. मग वळण पहिल्या दिवसापासून उजव्या अंगठ्याला शिकायला मिळतं आणि पुढे चार चॅनेलचं विमान घेतलं तरी तोच अंगठा वळतो.

मोड कुठला, याचं उत्तर मी त्याला प्रश्नानेच दिलं: तुझ्याशेजारी उभं राहून तुला कोण शिकवणार? शिकवणारा मोड २ वाला असेल तर मोड २, मोड १ वाला असेल तर बिनधास्त मोड १. दोन रेडिओ जोडून शिकवता येतं आणि तिथे दोघांचे मोड वेगळे असले तरी चालतं, कारण पुढे जातात ते चॅनेलचे आकडे. पण घाईच्या क्षणी शिकवणारा "एलेव्हेटर दे" म्हणत नाही, "उजवा ओढ, उजवा ओढ!" असं ओरडतो. ती हाक ऐकणाऱ्याच्या हाताला लागू पडायला हवी. शेजारी कुणीच नसेल तर आपल्याकडे मोड २ घ्यावा, कारण इथे बहुतेक माळांवर तोच आहे. पैसे भरण्याआधी चार संध्याकाळी सिम्युलेटरवर बसावं, आणि एकदा ठरवलं की कुतूहल म्हणूनही वर्षभर दुसऱ्या मोडला हात लावू नये.

त्याला शिकवणारा दादा मोड २ वर उडवतो. परवा रेडिओ आला.

काकांचं विमान मी दुरुस्त करून दिलं. पंखात कार्बनची नळी घातली, नाक नव्या फोमचं केलं, वजन १८ ग्रॅमने वाढलं. त्यांच्या रेडिओच्या हँडलला आता लाल टेप गुंडाळलेली आहे आणि तिच्यावर मार्करने ठळक लिहिलंय: मोड १.