नॉयमानने छताखाली तोफ डागली होती का?

जर्मनीतल्या वुर्त्सबुर्गच्या राजवाड्यातल्या जिन्याची एक गोष्ट फार फिरते. वास्तुकार बाल्थासार नॉयमानने एकही खांब न देता एवढं मोठं छत उभारलं, तेव्हा व्हिएन्नाचा वास्तुकार हिल्डेब्रांट म्हणे म्हणाला, "हे टिकलं तर मी इथेच गळफास घेईन!" त्यावर नॉयमानने छताखाली तोफा डागून दाखवल्या.

ऐकायला झकास आहे, पण ही निव्वळ दंतकथा. अशा चाचणीचा समकालीन पुरावा नाही.

ती चिकटली मात्र उगाच नाही. १६८७ मध्ये बोहेमियातल्या एगर गावी (आजचं चेब) जन्मलेला नॉयमान आधी घंटा आणि तोफा ओतायचं काम शिकला, पुढे तोफखान्यात कर्नल झाला. इटालियन चित्रकार तिएपोलोने १७५२-५३ मध्ये त्याच छतावर चित्र रंगवलं, त्यात नॉयमान गणवेशात ऐटीत बसलाय आणि शेजारी चक्क तोफ! मग लोकांनी बाकीचं रचलं.

गंमत म्हणजे हिल्डेब्रांट काही नुसता कुचकट टीकाकार नव्हता. या राजवाड्याच्या आराखड्यात त्याचाही हात आहे. नॉयमान १७२३ मध्ये पॅरिसला जाऊन तिथल्या वास्तुकारांचाही सल्ला घेऊन आला होता. सगळं श्रेय एकट्याला देणं ही दुसरी लोणकढी.

छत सुमारे १९ मीटर रुंद, ३० मीटरहून लांब. बांधणीत हलका, सच्छिद्र टफ दगड वापरल्याने भार कमी. खरी परीक्षा झाली १६ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात: वरचं लाकडी छप्पर जळून गेलं, खालचं दगडी कमानी छत टिकलं.